ढोलातल्या हवेचं भाडं

सावळीराम पगारे ढोल ताणत असताना फोन घेत नसत. त्यामुळे जर्मनीहून दीपमालाचा फोन आला तेव्हा तो लंकाबाईंनी घेतला, आणि बातमी आधी त्यांना कळली, मग खिडकीतून शेजारणीला, आणि सावळीराम हात पुसत अंगणातून घरात येईपर्यंत जेल रोडच्या निम्म्या कॉलनीला. घरात पाऊल टाकतात तर दारात चार बाया आणि सगळ्या हसताहेत.

"अहो, परवानगी मिळाली!" लंकाबाई ओरडल्याच.

"कशाची?"

"भीमजयंतीच्या मिरवणुकीची! दीपूच्या गावात! चौदा एप्रिलला! तिथल्या नगरपालिकेनं शिक्का मारून दिलाय!"

सावळीरामांनी फोन हिसकावून घेतला. पलीकडून त्यांची लेक श्वास न घेता बोलत होती. "पप्पा, दुपारचे दोन तास दिलेत. त्याच दिवशी, पुढं ढकलायचं नाही म्हणालेत. मी सगळ्यांना सांगून बसलेय की नाशिक ढोल येणार, माझ्या पप्पांचे. पाच पाठवा. आमचं पथकपण तयार झालंय. नागपूरचा एक इंजिनिअर आहे, दोन जर्मन शिक्षिका आहेत, एक हंगेरीचा पोरगा आहे. सगळे बादल्यांवर सराव करताहेत, पप्पा! शेजारच्या बाईनं दोनदा पोलीस बोलावले!"

पोलीस आले म्हटल्यावर सावळीरामांची छाती आणखी फुगली. त्यांच्या स्वतःच्या पथकालाही तरुणपणी असाच मान मिळाला होता. "पाठवतो," ते म्हणाले. "एक नंबर ढोल पाठवतो. तू बिनघोर राहा." ढोल त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेले, एका मापाचे, एका आवाजाचे. ढोल पाठवणं म्हणजे काय मोठी गोष्ट आहे, असं त्यांना त्या दिवशी खरोखर वाटलं. फेब्रुवारी चालू होता आणि माणसाला फेब्रुवारीत एप्रिल फार लांब वाटतो.

कॉलनीतली मोहिनी अंबडला माल परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होती. संध्याकाळी ती घरी येऊन चप्पल काढते न काढते तोच सावळीराम तिच्या ओट्यावर हजर.

"जय भीम, पोरी. मला एकच सांग. लवकर आणि स्वस्त काय?"

"जय भीम, काका. लवकर म्हणजे विमान. स्वस्त म्हणजे जहाज."

"ते कळलं. लवकर आणि स्वस्त?"

"असं काही नसतं, काका."

"असतं गं. विचारत राहावं लागतं."

आता इथे सावळीरामांचा स्वभाव सांगायला हवा. माणूस सोन्यासारखा, पण पहिल्या भावाला घेतलेली वस्तू त्यांच्या घरात सापडायची नाही. कोथिंबिरीच्या जुडीसाठी ते बाजाराला दोन फेऱ्या मारत आणि तिसऱ्या फेरीत मिरच्या फुकट घेत. शर्ट विकणारा दुकानदार त्यांना बघून शटर ओढतो असं कॉलनीत म्हणत, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती.

मोहिनीने शांतपणे समजावलं. पाच ढोलांना अख्खा कंटेनर लागत नाही, म्हणून ते दुसऱ्यांच्या मालाबरोबर जाणार, आणि कंटेनर भरेपर्यंत तिथेच बसणार.

"म्हणजे सिन्नरच्या जीपसारखं. भरल्याशिवाय हलायचं नाही."

"अगदी तस्सं. आणि हलला तरी हल्ली जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जातात. दोन महिने धरून चाला. या रविवारपर्यंत हो म्हणालात तर कसंबसं पोचेल."

"जर्मनीला जायला आफ्रिका? वळसा त्यांनी घालायचा आणि भाडं मी का द्यायचं? त्यांना सांग, सरळ रस्त्याचं भाडं देतो."

मोहिनीने कपाळाला हात लावला. रविवारी विहारात वंदना झाल्यावर हा विषय निघाला, आणि विषय निघाला म्हटल्यावर धोंडीराम साळवे उभे राहिले. धोंडीराम हे जयंती मंडळाचे खजिनदार. त्यांना प्रत्येक गोष्टीवर बैठक घ्यायची असे. घरी चहात साखर किती टाकायची यावरही ते बैठक घेतात, असं त्यांची सूनच सांगे.

"भाऊ, घाई नको," धोंडीराम म्हणाले. "जहाजात खारं वारं असतं. ढोलाची पानं सादळतील. विमानात थंडी असते. पानं आखडतील. पूर्ण विचार करून ठरवू."

पूर्ण विचार सुरू झाला. एक गट जहाजाचा, एक गट विमानाचा, आणि दोघांनाही विरोध करणारा तिसरा गट धोंडीरामांचा. तिकडे सावळीराम रोज एका नव्या एजंटाकडे जाऊन भाव काढत होते आणि प्रत्येकाला आधीच्याचा भाव सांगून आणखी खाली ओढत होते. एकाने तर कंटाळून विचारलं, "काका, तुम्ही पाठवणार आहात का नुसते फिरताय?" अखेर मार्चच्या मध्याला बैठकीत एकमताने ठराव झाला की ढोल जहाजाने पाठवावेत. टाळ्या पडल्या. सावळीराम विजयी मुद्रेने मोहिनीकडे गेले.

"काका," मोहिनी म्हणाली, "जहाजानं आता पाठवलेत तर ढोल बुद्धपौर्णिमेलाही पोचायचे नाहीत."

सावळीराम मटकन ओट्यावर बसले. पहिल्यांदाच त्यांना लेकीचा चेहरा डोळ्यांपुढे दिसला. सगळ्यांना सांगून बसलेली पोर, परक्या गावातल्या चौकात, आणि तिच्या मागे बादल्या घेतलेली माणसं. "विमान," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "विमानाचं बघ."

विमानाचा आकडा बघून मात्र आवाज पुन्हा खणखणीत झाला. "एवढे? अगं, ढोल भरतो नऊ किलो! तू लावलेत पन्नास!"

"विमानात जागेचंही वजन धरतात, काका. तुमचा ढोल हलका आहे, पण पन्नास किलो मालाची जागा अडवतो."

"आत काय आहे मग? हवा! मी हवेचं भाडं भरू?"

"हो."

"हवा मी इथंच काढून ठेवतो!"

"हवा काढली तरी जागा राहतेच ना, काका."

रात्री जेवताना सावळीरामांनी हे दुःख लंकाबाईंना सांगितलं. लंकाबाई भाकरी थापत म्हणाल्या, "भाडं पन्नास किलोचं घेणारच आहेत, तर रिकामे कशाला पाठवता? भरून पाठवा की. माझ्या कुरडया होतायत. पोरीनं वर्ष झालं कुरडई खाल्ली नाय."

सावळीरामांना हे ऐकून इतका आनंद झाला की त्यांनी एक भाकरी जास्त खाल्ली. सकाळी त्यांनी ढोलांची एका बाजूची पानं सोडली आणि लंकाबाईंनी आत कुरडया रचायला घेतल्या. वाळवणाचे दिवस, सगळ्या गच्च्या भरलेल्या, आणि गोष्ट लपून राहील अशी कॉलनी ती नव्हे. दुपारपर्यंत पिशव्या घेऊन रांग लागली. कोणाचा भाचा म्युनिकला, कोणाची नणंद हॉलंडला, आणि एकीचा तर लंडनला मुलगा, पण "तिकडून जवळच आहे म्हणे" असं म्हणत तिने काळ्या मसाल्याचे दोन डबे पुढे केले. पापड आले, सांडगे आले, शेवया आल्या. दुसऱ्या गल्लीतल्या सखुबाईंनी लेकासाठी लोखंडी खलबत्ता आणला आणि कोणी बघत नाही असं पाहून तळाशी ठेवला.

संध्याकाळी ढोल रद्दीवाल्याच्या काट्यावर चढवले. काटा जो फिरला तो थांबेना. मोहिनीने आकडा बघितला आणि तोंडावर हात ठेवला.

"काका, आता जागेचं भाडं नाही लागणार."

"बघ! मी म्हणत होतो!"

"आता खऱ्या वजनाचं लागेल. दोन्हींत जे जास्त असेल ते धरतात. शिवाय खायच्या प्रत्येक वस्तूचे कागद वेगळे."

मग जे उपसणं सुरू झालं ते विचारूच नका. कोणाच्या कुरडया कोणत्या, कोणाचे पापड कोणते, काही कळेना. "माझ्या पांढऱ्याशुभ्र होत्या, या पिवळ्या कोणाच्या?" असा प्रश्न निघाला आणि दोन जिवलग मैत्रिणी आठवडाभर एकमेकींशी बोलल्या नाहीत. खलबत्त्यावर कोणीच हक्क सांगेना. सखुबाई तर त्याच्याकडे बघायलाही तयार नव्हत्या.

"ज्याचं जे दिसेल ते घ्या आणि गप बसा," लंकाबाई वैतागून म्हणाल्या आणि त्यांनी रिकामे डबे फडताळात ठेवायला घेतले. मोठ्यात मधला, मधल्यात लहान, लहानात त्याहून लहान. सावळीराम बघत राहिले. मग ते असे उठले की अंगावरचा टॉवेल खाली पडला.

"एकात एक! लंका, ढोल एकात एक घालायचे! पानं, कड्या, दोऱ्या वेगळ्या बांधायच्या! पाच ढोलांच्या जागेचे दोनच होतात!"

"मग घाला की. मी कुठं नको म्हणते?"

पण ढोल पडले सगळे एका मापाचे. ज्या मापाचा सावळीरामांना आयुष्यभर अभिमान होता, तेच माप आता आडवं आलं. त्यांनी आपले तीन ढोल काळजावर दगड ठेवून दुसऱ्या पथकांना दिले आणि बदल्यात सिन्नरहून एक थोराड ढोल आणला, नांदगावहून एक मध्यम, आणि विहाराच्या पोरांच्या पथकातला एक लहान. लहान ढोल हातात घेऊन त्यांनी एकदाच वाजवला आणि डोळे मिटून घेतले. "पिपाणी आहे ही," ते म्हणाले. तरी बाकीच्या पिंपांत ते पिंप अलगद जाऊन बसलं तेव्हा त्यांनी स्वतःच टाळी वाजवली.

दोन गठ्ठे तयार झाले. एप्रिल उजाडला होता. सावळीराम रिक्षात गठ्ठे घालून थेट मोहिनीच्या ऑफिसात.

"काका, चार दिवस आधी यायचं ना! आता विमानांत जागाच नाही. हापूस सुरू झालाय. जिकडं तिकडं आंब्याच्या पेट्या. भाव बघा कुठं गेलाय."

"आंब्याला घाई काय आहे एवढी?"

"सडतो तो, काका. ढोल सडत नाही."

"अगं, चौदा तारीख सडेल ना!" सावळीराम ओरडले, आणि सगळं ऑफिस माना वळवून बघायला लागलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मोहिनीला ते बघवेना. तिने पुन्हा संगणकात तोंड घातलं, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि मग हळूच म्हणाली, "काका, एक बोलू? एवढ्या भाड्यात तर अख्खं माणूस जाऊन परत येतं."

"म्हणजे?"

"म्हणजे माणसाच्या तिकिटावर दोन मोठे नग नेता येतात. मापाबाहेरचे म्हणून थोडे वर भरावे लागतील. तरी निम्म्यात काम होईल. आणि दुसऱ्या दिवशी दारात."

सावळीराम खुर्चीवरून उठून उभे राहिले. "लवकर आणि स्वस्त! मी पहिल्या दिवसापासून काय म्हणत होतो?"

प्रश्न एवढाच उरला की माणूस कोणतं. सावळीरामांकडे पासपोर्टच नव्हता. लेक गेली तेव्हापासून "फीचं बघू" म्हणत राहिला होता. पण गेल्या वर्षी दीपमालाच्या बाळंतपणाला लंकाबाई जाऊन आल्या होत्या आणि त्यांचा व्हिसा अजून चालू होता. सावळीराम घरी धावत आले तेव्हा लंकाबाई मेथी निवडत होत्या.

"लंका, ऊठ. तुला जर्मनीला जायचंय."

"मी? एकटी?"

"एकटी कशी? दोन नग आहेत की बरोबर!"

लंकाबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली आणि नवऱ्याकडे नीट बघून घेतलं. मोहिनीने तिकिटाचे पर्याय फोनवर वाचून दाखवले तेव्हा सावळीरामांनी एकच विचारलं, "सगळ्यात स्वस्त कोणतं?" आणि तिने पुढचं काही सांगायच्या आत म्हणाले, "तेच काढ. जायची तारीख तेवढी चुकवू नको." या वेळी लंकाबाईंनीही मान डोलावली. आजपर्यंत भावाच्या बाबतीत दोघांचं एवढं एकमत कधी झालं नव्हतं.

निरोपाला सगळी कॉलनी आली. सावळीरामांनी गठ्ठ्यांवर तीनदा हात फिरवला, ड्रायव्हरला खड्डे चुकवायची शपथ घातली, गठ्ठे पट्ट्यांनी बांधलेत ना ते पुन्हा तपासलं, आणि गाडी सुटल्यावर त्यांना आठवलं की बायकोला "जपून जा" म्हणायचं राहिलं.

तेराच्या संध्याकाळी दीपमालाचा व्हिडिओ कॉल आला. ती रडवेली झाली होती. "पप्पा, ढोल पोचले! पण एकातला एक निघत नाहीये! वाटेत आपटले असणार, घट्ट बसलेत. हे म्हणतायत कटर आणू."

"कटर?" सावळीराम असे ओरडले की गल्लीतलं कुत्रं उठून गेलं. "माझ्या ढोलाला कटर लावला तर याद राखा! जावईबापूंना सांग! साबण लावा! तेल लावा! उलटा करून ठोका! धोंडीरामला बोलवा!"

"पप्पा, धोंडीकाका तुमच्याकडं आहेत!"

धोंडीराम शेजारीच उभे होते आणि यावर बैठक घ्यायच्या तयारीत होते. तेवढ्यात पडद्यावर लंकाबाई दिसल्या. पदर खोचलेला, हातात बर्फाची पिशवी.

"ओरडू नका हो. स्टीलचे पेले एकमेकांत अडकले तर मी काय कटर आणते का?" असं म्हणत त्यांनी आतल्या पिंपात बर्फ ओतला आणि लेकीला सांगितलं, "बाहेरून गरम पाणी सोड. हळू. आता ओढा जावईबापू."

नाशिकमध्ये चाळीस माणसं एका फोनवर वाकली होती. पलीकडे जावयाने ओढलं, काहीच झालं नाही. पुन्हा ओढलं. मग जोरात कुईंऽऽ आवाज झाला, जावई पाठीवर आडवा, आणि लहान पिंप सोफ्यावर. कॉलनीत जो जल्लोष झाला तो ऐकून पलीकडच्या सोसायटीला वाटलं आपण मॅच जिंकलो.

आणि चौदा तारीख आली! जेल रोडवर संध्याकाळची मिरवणूक रंगात, निळे झेंडे, गुलाल, पोरं खांद्यांवर, सावळीरामांचं पथक सगळ्यांत पुढे. तिकडे दुपार होती. सावळीरामांनी फोन मानेला रुमालाने बांधला होता. तो थरथरला आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. "थांबा! सगळे थांबा!"

पथक थांबलं. मागची पथकं थांबली. धोंडीरामांनी बैठकीशिवाय आयुष्यात पहिल्यांदा काही केलं, गाडीवरचा माईक ओढून फोनला लावला. आधी नुसती खरखर. मग कर्ण्यांतून ढोल आला. लांबचा, थोडा मागे-पुढे, थोराड ढोल थोराड बोलतोय, लहान पिपाणीसारखा, पण पाचही एका चालीत. नाशिकचीच चाल! आणि मग दीपमालाचा आवाज, फाटलेला, आनंदाने वेडा झालेला, "जय भीम, पप्पाऽऽ!" रस्त्यावरच्या सगळ्या माणसांनी एकदम उत्तर दिलं. सावळीरामांनी ढोलावर हात मारला आणि इकडचे पन्नास ढोल तिकडच्या पाचांना जाऊन मिळाले. फोनमुळे दोन्हीकडचे ठोके अर्ध्या मात्रेने चुकत होते. सावळीरामांना ते कळत होतं आणि त्यांना काही फरक पडत नव्हता. ते रडत होते, नाचत होते, आणि वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी घसा बसलेला असताना त्यांनी लंकाबाईंना फोन लावला. आधी अर्धा तास मिरवणुकीचं कौतुक झालं. हंगेरीचा पोरगा कसा उडत होता, जर्मन शिक्षिकेच्या हाताला फोड कसे आले, पोलीसच कसे ठेका धरत होते. मग सावळीराम सहज म्हणाले, "बरं, रविवारी येतेस ना? गाडी सांगतो."

"कुठला रविवार? जुलैत येते मी."

"जुलै?"

"तिकीट जुलैचंच आहे. सगळ्यात स्वस्त तेच होतं ना. तुम्हीच म्हणालात."

"मी जायच्या तारखेचं बघत होतो गं!"

"हो. घाई ढोलांची होती. माझी कुणाला होती?" लंकाबाई हे हसत म्हणाल्या, नातवाला खेळवत म्हणाल्या, आणि फोन ठेवून दिला.

सावळीराम स्वयंपाकघरात गेले. चहाची पावडर कोणत्या डब्यात असते ते त्यांना सापडलं नाही. अख्खं घर कुरडयांनी भरलेलं, आणि घरात चिटपाखरू नाही. ते तसेच अनवाणी मोहिनीच्या ओट्यावर आले.

"पोरी, तुझ्या काकूला लवकर आणायचं. तारीख बदल."

"काका, हे स्वस्तातलं तिकीट आहे. बदलायचं तर नवंच काढावं लागेल. आणि या दिवसांत फार महाग पडेल."

"पडू दे."

मोहिनीला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. तिने आकडा काढून दाखवला. सावळीरामांनी तो बघितलाही नाही. तिने फोन लावून लंकाबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी आकडा पुन्हा एकदा सांगायला लावला.

"एवढे देतायत?" लंकाबाईंचा आवाज बदलला होता. "आणि घासाघीस केली नाय?"

"नाही, काकू."

"वेड लागलंय त्यांना. त्यांना म्हणावं, एवढ्यात तर तुमचंच इकडचं तिकीट येतं."

फोन स्पीकरवर होता. सावळीरामांनी तो मोहिनीच्या हातातून घेतला आणि तोंडाजवळ धरला. "मग येऊ का मी?"

"या की," लंकाबाई म्हणाल्या. "मी काय आडवलंय?"

मोहिनीने हसू दाबत संगणक उघडला. "काका, आधी पासपोर्ट काढावा लागेल. साधा काढला तर स्वस्त, पण वेळ लागतो. तत्काळ काढला तर लवकर मिळतो, पण त्याला जास्त फी."

"तत्काळ," सावळीराम म्हणाले, आणि फी किती ते त्यांनी विचारलं नाही.